सुट्टीच्या दिवशीचा पहारा

"कुलूप उघडा! सायकली आत आहेत ना? मग उघडा की!"

येवल्याहून आलेला एक तरुण सरकारी ऑफिसच्या गेटचे गज धरून ओरडत होता. त्याची आई मागे फुटपाथवर बसली होती, पोलिओने वाळलेला पाय उन्हात पसरून. गेटच्या आत सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात सावळीराम उभा होता आणि सकाळपासून तेच तेच सांगून त्याचा घसा बसला होता.

"आज सुट्टी आहे हो. साहेबच नाहीत."

आज इथे अपंगांच्या तपासणीचं शिबिर होतं. तपासणी झाली की तीनचाकी सायकली, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या मिळणार होत्या. पण सरकारने शनिवार-रविवारला जोडून सोमवारची जादा सुट्टी जाहीर केली, तीही रविवारी संध्याकाळी. साहेब, कारकून, शिपाई सगळे घरी राहिले, काही फिरायला गेले. गावोगावच्या माणसांना कळवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ती पहाटेच्या एसटीने, टेम्पोने, कुणी पाठकुळी बसून इथवर आली, आणि त्यांना भेटला तो एकटा सावळीराम.

सावळीराम सरकारी नव्हता, ठेकेदाराचा माणूस होता. त्याला खरं तर आज इथे असायचंच नव्हतं. चांगुणाचं, त्याच्या बायकोचं, आज गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडता निवडता ती दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे डॉक्टरकडे जायला तयार झाली होती. सावळीरामने सुपरवायझर प्रफुल्लला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. काल रात्री प्रफुल्लचा फोन आला.

"काका, अख्खं ऑफिस सुट्टीवर गेलं. बिल्डिंग कुणाच्या भरवशावर सोडू? सकाळ तेवढी काढा, दुसरा माणूस पाठवतो."

तो माणूस अजून आला नव्हता.

पायरीवर पेठकडच्या पाड्यावरची झुंबरबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काळू आंब्यावरून पडला, तेव्हापासून त्याचं कमरेखालचं अंग मेलेलं. सावळीरामने मघाशी छोटं दार उघडून त्या दोघांना सावलीला घेतलं होतं, पाणी पाजलं होतं. त्यावरूनही बाहेर गलका झाला होता, की यांना आत घेतलं मग आम्हाला का नाही.

"दादा, खुर्ची आज नको देऊ," झुंबरबाई म्हणाली. "नुस्तं तपासून घे. परत आणायचा म्हंजे जीप करावी लागंल."

"मावशी, डॉक्टरच नाहीत. मी काय तपासू?"

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याची मुलगी सृष्टी होती.

"पप्पा, आईचं रक्त थांबत नाहीये. परत आत नेलंय तिला. डॉक्टर विचारतायत, घरातलं मोठं माणूस कोण आहे. तुम्ही या ना, पप्पा!"

"आलोच. तू तिथून हलू नको."

त्याने प्रफुल्लला फोन लावला. "निघालाय माणूस, काका, पोचेलच," एवढं बोलून प्रफुल्लने फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावला तर बंद. सावळीरामने हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिलं. गेट सोडावं तर नोकरी जाणार. न सोडावं तर...

बाहेर त्या तरुणाने मोबाईल उंच धरला होता. "बघा, लोकहो! पाच दिवसांचा आठवडा, त्यावर ही जादा सुट्टी, पगार चालूच! आणि अपंग माणसं रस्त्यावर! आणि हा बघा, सरकारचा जावई, सावलीत उभा!"

"अरे, मी सरकारी नाही. मी ठेक्यावर..."

"नाव सांग आधी! आमच्या पैशांवर जगता तुम्ही!"

गजांतून एक हात आला आणि त्याने सावळीरामची कॉलर पकडली. त्याच वेळी फोन पुन्हा वाजला. त्याने तो कसाबसा कानाला लावला. पलीकडे सृष्टी नुसती रडत होती, तिला बोलताच येत नव्हतं. आणि सावळीराम फुटला.

"मग मरा इथंच! सुट्टी म्हणजे सुट्टी! मी काय करू?"

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. पायरीवरच्या काळूने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मावशी, चुकलं माझं," सावळीराम म्हणाला. "माझी बायको दवाखान्यात..."

झुंबरबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला जायला वाट व्हावी म्हणून आपले पाय बाजूला घेतले. किल्ल्या केबिनमध्ये टाकून तो छोट्या दारातून बाहेर पडला. पाठीत धपाटे बसले, कॉलर टरकन फाटली. मागे न बघता तो रिक्षाकडे पळत सुटला.

हॉस्पिटल यायच्या आत प्रफुल्लचाच फोन आला.

"काका, काय बोलून बसलात हे? सगळ्या ग्रुपवर फिरतंय. साहेब बाहेरगावी गेलेत, सुट्टीत त्यांना लोकांचे फोन! वर तुम्ही गेट सोडून गेलात. उद्यापासून येऊ नका."

"बरं," सावळीराम म्हणाला. भांडायला त्याच्यात जीव नव्हता.

वॉर्डात चांगुणा हळदीसारखी पिवळी पडून निजली होती. हाताला रक्ताची बाटली लावलेली. सृष्टी धावत येऊन बापाला बिलगली. "थांबलंय रक्त. पण डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून त्याचाच आवाज आला. "मग मरा इथंच!" भिमाबाई नावाची पेशंट उशीला टेकून मोबाईल बघत होती.

"असल्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे," ती म्हणाली. "फुकटचा पगार खायचा आणि वर हा माज!"

सृष्टी ताडकन उठली. सावळीरामने तिचं मनगट धरलं आणि मानेनेच नको म्हटलं. भिमाबाईची नजर त्याच्या निळ्या शर्टाकडे गेली, फाटक्या कॉलरकडे गेली, मग परत मोबाईलकडे. व्हिडिओ मध्येच बंद झाला.

चांगुणाने डोळे किलकिले केले.

"आलात?"

"हं."

"दिली का त्यांनी सुट्टी?"

"दिली."

"पगार कापून?"

"नाही. भरपगारी. तू बरी होईपर्यंत."

"चांगली माणसं आहेत मग," चांगुणा पुटपुटली आणि तिचे डोळे पुन्हा मिटले.

भिमाबाईने आपल्या खाटेखालचं स्टूल हळूच त्याच्याकडे सरकवलं. सावळीराम त्यावर बसला आणि चांगुणाचा गार पडलेला हात त्याने दोन्ही हातांत धरून ठेवला.