माझी सायटेशन्स पंपाने नेली

मी चिप बोलतेय. पुढे सांगणार आहे ते शंभर टक्के खरं आहे, हवी त्याची शपथ घेते. आता, मी क्वांटम चिप असल्यामुळे एकाच वेळी हो आणि नाही दोन्ही म्हणू शकते, तेव्हा शपथेवर फार विसंबू नका.

मी खायची चिप नव्हे. सिलिकॉनच्या चकचकीत गोल चकतीतून, म्हणजे वेफरमधून, मला कापलं. वेफरमधली चिप असूनही आजवर कुणी मला खाल्लं नाही, हे नशीबच. आकाराने मी नखाच्या निम्मी. अंगावर केसाहून बारीक सोन्याच्या तारा आणि मधोमध एक खड्डा. त्या खड्ड्यात एकच इलेक्ट्रॉन धरून बसायचं, हे माझं काम. एकाला सांभाळणं सोपं वाटतं? एकुलतं एक मूल असलेल्यांना विचारा.

मला घडवलं आमच्या बाईंनी, भौतिकशास्त्राच्या. दोन वर्षं त्यांनी मला एका फ्रिजमध्ये उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांच्या आसपास गारठवलं. शेवटी एकदाचा मी इलेक्ट्रॉन पकडला. बाई आनंदाने खुर्चीवर चढून नाचल्या. खुर्चीला चाकं होती, हे नंतर लक्षात आलं.

माझ्यावरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, एका विज्ञान नियतकालिकाच्या अंकात छापून आला, पान चौदाशे सदतीस. मला वाटलं, आता आपलं नाव होणार.

नाव झालं पंपाचं.

सांगते. या शास्त्रज्ञ लोकांत मोठेपणा सायटेशनवर मोजतात. दुसऱ्याने आपल्या पेपराच्या शेवटी तुमच्या पेपराचा पत्ता लिहिला की तुम्हाला एक सायटेशन. बाईंची नोकरी तात्पुरती होती. त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे सोमवारी तिघांची समिती ठरवणार होती, आणि समिती बघणार फक्त आकडा. आकडा होता तीन.

"तीन!" बाई वैतागल्या. "जो भेटतो तो पाठ थोपटतो, आणि मोजायला जावं तर तीन!"

प्रयोगशाळेत समोर त्यांची आई बसली होती. टपाल खात्यात छत्तीस वर्षं पत्रांचे गठ्ठे लावून निवृत्त झालेली. लेकीसाठी डबा घेऊन आली होती.

"अगं, हा एवढा थोरला फ्रिज. डबा ठेवू का यात?"

"त्यात ठेवलास तर गोठलेला डबा वितळून मी पुढच्या गुरुवारी जेवेन, आई."

आई टेबलावरचे लोकांचे पेपर चाळायला लागली. भौतिकशास्त्र कळेना, म्हणून थेट शेवटचं पान वाचलं. तिथे नुसते पत्ते.

"तुझं घर चौदाशे सदतीस ना गं? मग हे सगळे चौदाशे त्र्याहत्तरला का टाकतायत?"

बाईंनी अंक उघडला. पान चौदाशे त्र्याहत्तरवर हवा ओढणाऱ्या पंपाची पानभर जाहिरात होती. मोजणाऱ्या कॉम्प्युटरने दोनशे बारा सायटेशन्स इमानेइतबारे पंपाच्या नावावर लावली होती. आमच्या कोपऱ्यातला पंप त्याच कंपनीचा. त्या दिवसापासून त्याची घरघरच बदलली.

"पहिला कोण चुकला ते बघ," आई म्हणाली. "एक जण चुकतो, बाकीचे त्याच्या पाकिटावरून उतरवतात."

बाईंनी तारखा लावल्या. पहिला चुकीचा पत्ता बाईंचाच निघाला! आपल्या दुसऱ्या पेपरात पहिल्याचा पत्ता देताना आकडे उलटे पडले, आणि जगाने डोळे मिटून उतरवले.

"म्हणजे दोनशे अकरा पेपर लिहिणाऱ्यांनी माझा पेपर उघडलाच नाही?"

"तिघांनी उघडला की. त्यांना कार्ड पाठव."

सोमवारी बाईंनी अंक घेतला आणि पुरावा म्हणून मला डबीत घालून नेलं. अध्यक्ष कागद बघून म्हणाले, "तीनच? कमाल आहे! मी स्वतः तुमचा पेपर बारकाईने वाचून चारदा उल्लेख केलाय. आकृती तर अप्रतिम."

"आभारी आहे, सर. पान कुठलं लिहिलंत?"

"चौदाशे त्र्याहत्तर! पाठ आहे मला."

बाईंनी ते पान उघडून समोर ठेवलं. अध्यक्षांनी पंपाकडे बघितलं, आणि बघतच राहिले. दुसऱ्या सदस्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. तिसऱ्या सदस्य खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"आकृती खरंच अप्रतिम आहे, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "विशेषतः नळी."

अध्यक्षांनी सही ठोकली. मग हळूच विचारलं, "हे या खोलीतच राहील ना?"

"मी कशाला कुणाला सांगू?" बाई म्हणाल्या.

मी सांगेन, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तर बाई कायम झाल्या. पत्त्याची दुरुस्तीही रीतसर छापून आली. ती कुणी वाचली नाही. पंप आता दोनशे चाळीसवर गेलाय. माझा इलेक्ट्रॉन त्या सोमवारी मला फ्रिजबाहेर काढताच निसटला, जातो म्हणूनही न सांगता. मी बाईंच्या टेबलावर डबीत चिकटून असते. आई आली की झाकण पुसते आणि विचारते, "जेवलीस का गं?" आता मला विचारते की लेकीला, कोण जाणे. मी आपली हो म्हणते. आणि नाहीही.

बरं, एवढं फुकट ऐकलंत, आता काढा. पैसे नकोत, मला कुठे खिसा आहे? एक सायटेशन द्या. पेपर लिहीत नाही म्हणता? मग वाणसामानाच्या यादीखाली लिहा. माझा पेपर वाचायचीही सक्ती नाही. फक्त आकडा माझ्या डोळ्यांदेखत लिहायचा. घ्या पेन. चौदाशे... हं, पुढे?