चंद्राबाईची एकतारी

मी एक जुनी एकतारी आहे, मित्रांनो. माझा भोपळा कृष्णाकाठच्या गाळाच्या मळीत वाढला. मिरजेच्या एका कारागिराने त्याला बांबूची दांडी आणि एक तार जोडली. अजून कधी कधी स्वप्नात मला नदीचे पाणी ऐकू येते.

पलूसजवळच्या एका वाडीतल्या अर्जुनाने मला बायकोसाठी, चंद्राबाईसाठी, विकत घेतले. तो पलटणीत होता. सुट्टी संपवून निघताना म्हणाला, "मी नसलो की हिच्यासंगं बोलत जा."

चंद्राबाई रोज पहाटे मला खांद्याशी धरून भजन म्हणे. उसाचे फड धुक्यात बुडालेले असत आणि आमचा आवाज त्यावरून तरंगत जाई. बाया म्हणत, "लय गोड वाजती गं तुझी एकतारी!" मी मूळची भोपळ्याची, कौतुकाने आणखीच फुगे.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सरकारी तार आली. अर्जुना बेपत्ता होता. गेला म्हणावे तर पुरावा नाही, आहे म्हणावे तर पत्र नाही. चंद्राबाईच्या कपाळावरचे कुंकू पाहून बाया कुजबुजू लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणीच बोलावले नाही. शेजारच्या शालूबाईचा नवरा त्याच लढाईत पडला होता. तीही दार लावून बसली होती.

एके दिवशी चंद्राबाई देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. "एवढं गायले तुझ्यासाठी. माझं काय चुकलं, त्ये तरी सांग!"

देव बोलला नाही. तिने मला खुंटीला टांगले. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले, तार गंजली. बाहेर दुष्काळ, आत मी मुकी.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिचे सासरे केरबा यांनी मला खाली काढले आणि धोतराच्या सोग्याने पुसले.

"पोरी, तू देवाला इचारतीस लय. जरा ऐक की."

"काय ऐकू, मामंजी? त्यो बोलतच न्हाई."

"बोलंल, न बोलंल. तू गप तर बस."

तिने भजन म्हटले नाही. नुसती तार छेडली. मी घुमले, आणि घुमता घुमता विरून गेले. मग घरभर शांतता पसरली. चंद्राबाई डोळे मिटून बसून राहिली. त्या दिवशी तिने काहीच मागितले नाही. तिला काय ऐकू आले, कुणास ठाऊक! पण ती उठली, मला घेऊन थेट शालूबाईच्या दारात गेली.

"शाले, चल. देवळात माझ्याजवळ बस."

"मी? अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं लय ऐकलं. आता त्याचं ऐकू."

दोघी रोज पहाटे गाऊ लागल्या. आधी लोकांनी नाके मुरडली, मग एकेक बाई येऊन मागे बसू लागली. त्या वर्षाच्या शेवटी पाकिस्तानच्या कैदेतले जवान परतले, तेव्हा चंद्राबाई आठ दिवस एसटीच्या थांब्यावर उभी राहिली. शालूबाई तिच्या शेजारी होती. अर्जुना उतरला नाही. नवव्या दिवशी पहाटे चंद्राबाईने मला हातात घेतले. तिचा आवाज फाटत होता. शालूबाईने ओळ उचलली.

बऱ्याच वर्षांनी शालूबाईने विचारले, "चंद्रे, देवानं उत्तर दिलं का गं तुला?"

चंद्राबाईने माझ्या तारेवरून बोट फिरवले. "उत्तर न्हाई दिलं. पर एकटीला सोडलं बी न्हाई."

मित्रांनो, घरात एखादे जुने वाद्य असेल तर त्याची धूळ पुसत जा. आणि जगण्याचा अर्थ लागेनासा झाला, अन्याय सोसवेना, तर देवाशी खुशाल भांडा. फक्त भांडून झाल्यावर लगेच उठू नका. थोडा वेळ तिथेच बसा.