चिनात्सूची भाषा

रत्नागिरीच्या मांडवीत बोटीवरच्या माणसाशी लग्न झालं की सासू सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवते. मिठाचा डबा कुठे ठेवलाय ते मागाहून. आधी हे, की बोटीवर गेलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. तो तिकडे समुद्रात, करणार काय? रात्रभर कूस बदलणार आणि सकाळी भलत्याच चाकात हात घालणार. म्हणून फोन आला की म्हणायचं, "इकडे सगळं बरं." आमच्या आळीत बोटीवरच्यांची एवढी घरं आहेत, पण सगळं बरं नाही असं एक घर मला काढून दाखवा!

आमचे हे, आत्माराम, मोटारी वाहून नेणाऱ्या बोटीवर इंजिनात कामाला. जपानमध्ये मोटारी भरायच्या आणि देशोदेशी उतरवायच्या. नऊ-दहा महिने तिकडे, मग दोन-अडीच महिने घरी. आणि घरी आले की काय थाट! आई, म्हणजे माझ्या सासूबाई गोदाबाई, त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायच्या नाहीत. बाजारात मोठा सरंगा आला की तो त्यांच्या ताटात. खाटेवर नवी चादर त्यांच्यासाठी. घरातली कटकट त्यांच्या कानावर घालायची नाही, कारण चार दिवसांसाठी आलाय बिचारा. मीही तेच केलं. आमच्याकडे सगळ्याच करतात. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, मी चहा आणून द्यायचे, ते "छान झालाय" म्हणायचे, आणि मग आम्ही दोघंही माडाच्या झावळ्यांकडे बघत बसायचो.

अठ्ठ्याण्णव साली ते एक खोका घेऊन आले. योकोहामाच्या बंदरात खलाशांसाठी एक क्लब आहे. तिथे लोक जुन्या वस्तू आणून ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. ह्यांनी व्हिडिओ कॅसेटी उचलल्या. व्हीसीआर आदल्या खेपेलाच आणला होता, त्यात कॅसेट घातली तर चित्र काळंपांढरं. टीव्हीवाला येऊन बघून गेला. "वहिनी, जपानची सिस्टीम वेगळी असते. तुमच्या टीव्हीवर रंग यायचा नाही. टाकून द्या." टाकून द्यायला त्याच्या बापाच्या होत्या काय? मी लावून बसले.

कुणीतरी घरच्या घरी टीव्हीवरून उतरवून घेतलेलं कार्टून होतं ते. चिनात्सू नावाची दहा वर्षांची पोर, आणि एक बेट, ज्यावर दुसरं एकही मूल नाही. तिचा दोस्त म्हणजे पाय फुटलेली एक मोडकी होडी. ती होडी चालते, शिंकते, रुसते. एक अक्षर न कळता मी पहिल्याच दिवशी चार भाग पाहिले आणि पाचव्याला रडले. सत्तावीस वर्षांची घोडी मी, कार्टून बघून रडतेय! आई दुपारच्या झोपल्या होत्या म्हणून बरं.

पुढच्या खेपेआधी मी ह्यांना सांगून ठेवलं, मला अजून कॅसेटी हव्यात आणि भाषेचं पुस्तक हवं. ते हसले. "जपानी शिकून काय करणारेस? जेटीवर मासे विकणारेस जपान्यांना?" पण आणलं हो, इंग्रजीतून जपानी शिकवणारं एक जाडजूड पुस्तक. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, त्यावरच रेटलं. पुस्तक शब्द सांगायचं, आणि तो म्हणायचा कसा ते चिनात्सू सांगायची. कॅसेटीच्या पाठीवर पेनाने काहीतरी खरडलेलं होतं. एका दुपारी ते मी बोट फिरवत वाचलं, आ-नि-मे, म्हणजे कार्टून. आणि एकदम ओरडले, "आनिमे!" आई दचकून उठल्या, म्हणाल्या, "काय गो, पाल पडली?"

मग केबलवर असली कार्टुनं हिंदीतून लागायला लागली आणि शेजारची पोरं आमच्याकडे जमायला लागली. मला ते हिंदी आवाज सहन व्हायचे नाहीत. "मेल्यांनो, ती माणसं अशी बोलत नाहीत," मी सांगायचे. पोरं म्हणायची, "काकी, गप्प बसा ना!" समोरच्या विमलाकाकूंनी आळीभर करून टाकलं की गोदाच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय, भांडी घासताना चिनी बोलते. चिनी! निदान देश तरी बरोबर घ्या, बाई.

अशी मी तीन वर्षं शिकले. भांड्यांशी बोलले, मांजराशी बोलले, विहिरीत डोकावून बोलले. आणि मग मला एक भीतीच बसली. ही भाषा मला खरंच येते, की मी आपली मनाशीच काहीतरी बडबडतेय? रत्नागिरीत विचारणार कुणाला? मला एकदा, फक्त एकदा, जपानी माणसाशी बोलायचं होतं, आणि त्याने मला जपानीत उत्तर द्यायला हवं होतं. बाकी काही नको. मी ह्यांच्या मागेच लागले, "तिकडून फोन कराल तेव्हा कुणाच्या तरी हातात द्या." ते टाळायचे. "लोक कामात असतात गं. आणि फोनच्या कार्डावर बोलायला मिळतं किती, आपलंच पुरत नाही." आपलं काय पुरत नव्हतं? "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "आई बरी?" "सगळं बरं." एवढ्याला अर्धं कार्डसुद्धा पुष्कळ झालं.

दोन हजार एक साली, शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, भरदुपारी फोन वाजला. शिमगा झाला की हे यायचे होते. आईंनी भिंतींना चुना लावून घेतला होता, ह्यांना आवडतात म्हणून सुके सोडे आणून ठेवले होते.

"मालन," हे म्हणाले, "क्लबातल्या ओकाबेबाई इथे आहेत. आम्हाला चहा देतात ना, त्या. तुझ्याबद्दल सांगितलंय मी त्यांना. बोल."

"आत्ता?"

"आत्ताच. आजचं कार्ड सगळं तुझं."

तिकडून एक म्हातारा, गोड आवाज आला, "मोशी मोशी?"

कसाबसा श्वास घेतला आणि म्हटलं, मी मालन, भारतातली, रत्नागिरीची, तुमच्याशी बोलून आनंद झाला. पलीकडे शांत. मला वाटलं, मेले, संपलं, सगळी बडबडच होती. आणि मग त्या बाई खळखळून हसल्या आणि बोलतच सुटल्या. जपानीत! माझ्याशी! आणि मला कळत होतं. सगळं नाही, पण कळत होतं.

"अहो, तुम्ही खरंच बोलता की! तुमच्या यजमानांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करतायत. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"चिनात्सूने," मी म्हटलं.

"कुठली चिनात्सू? ती होडीवाली?" त्या किंचाळल्याच. त्यांची मुलगी लहानपणी रोज बघायची म्हणे. मी म्हटलं, ओकाबेबाई, मला एवढं एक सांगा, तिचे केस कुठल्या रंगाचे आहेत? तर म्हणाल्या, "नारिंगी. अगदी गाजरासारखे." अगं बाई! तीन वर्षं मी तिला आपल्यासारखी काळ्या केसांची धरून चालले होते. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्याही हसत होत्या. होडीला शिंका का येतात यावरून तर आमचं चक्क भांडण झालं. त्यांचं म्हणणं सर्दी, माझं म्हणणं ती मुद्दाम करते. देवाशपथ सांगते, लग्न झाल्यापासून मी एका दमात इतकं कुणाशी बोलले नव्हते.

मग त्या मायेने म्हणाल्या, "आणखी सहा महिने म्हणजे फारच झाले, नाही का? जड जाणार तुम्हाला."

"कसले सहा महिने?" मी विचारलं.

त्यांना वाटलं, मला शब्द कळला नाही. त्यांनी सोपं करून, सावकाश, पुन्हा सांगितलं. यजमानांनी करार वाढवून घेतलाय. कंपनी घरी जा म्हणत होती, ह्यांनीच राहतो म्हणून सही केली. "पण रागावू नका हं त्यांच्यावर. इथे येऊन बसतात तेव्हा सांगतात, घरी गेलो की मी पाहुणा असतो. सगळे फार चांगले वागतात, पण मला कुणी काही सांगत नाही. बायकोशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून तिच्यासाठी कॅसेटी नेतो."

मला शब्दन् शब्द कळला. एखादा तरी अडायला हवा होता, नाही अडला.

"तुम्हाला कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"सामिशी देस," मी म्हटलं. एकटं वाटतं. मराठीत मी हे कधी म्हटलं नव्हतं. आईंना नाही, माहेरी नाही, देवाला हात जोडतानाही नाही. मराठीत म्हटलं की लगेच कुणाला तरी लागतं, कुणाची तरी चूक निघते. जपानीत ते सरळ बाहेर आलं आणि एकदा आलं ते थांबेचना. "फार एकटं वाटतं. रोज. ते घरी असले तरी."

ओकाबेबाईंनी फोनवरून तोंड फिरवलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुणाला तरी सांगितलं, की बायको म्हणते तिला एकटं वाटतं, तू घरी असलास तरी. मला स्वच्छ ऐकू आलं. अहो बाई, त्यांना नका सांगू! पण सांगून झालं होतं.

मग हे फोनवर आले.

"तू हे तिला सांगितलंस?"

"तुम्हीही तिलाच सांगितलंत ना."

कार्ड चाललं होतं.

"मी बाजूला उभा राहून ऐकत होतो," ते म्हणाले. "तू एवढी हसतेस? मला माहीतच नव्हतं."

असा संताप आला मला! "माहीत कसं असणार? पाहुणे ना तुम्ही! पाहुण्यापुढे कोण खिदळतं?"

"मग सांगायचंस तरी काहीतरी. कधीतरी."

"काय सांगू? ऐकायचंय? ऐका तर मग. पंप दिवाळीतच जळलाय, तेव्हापासून मी विहिरीवरून कळशा आणतेय. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता बराय डोळा, पण झालं. मागच्या पावसात पडवीची कौलं उडाली, मी आणि विमलाकाकूंनी वर चढून ताडपत्री बांधली. बरं नसतं हो इकडे! कधीच नव्हतं!"

मला वाटलं, आता चिडतील. निदान आईच्या डोळ्यावरून तरी बोलतील. पण त्यांचा आवाज अगदी बारीक आला.

"सांग अजून," ते म्हणाले. "मालन, अजून सांग."

अजून एकच राहिलं होतं. मी तोंड उघडलं आणि कानात टूं टूं सुरू झालं. कार्ड संपलं होतं.

मी रिसीव्हर कानावरून काढलाच नाही. तशीच उभी राहिले आणि सांगितलं, मोठ्याने, मराठीत. "तुम्ही गेलात तेव्हा मला दिवस राहिले होते. तिसरा महिना भरला की सांगू म्हणून थांबले. नागपंचमीला गेलं. मी दवाखान्यातून आले, संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही विचारलंत, जेवलीस? मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते मी. दोन दिवस जेवले नव्हते." कानात टूं टूं चालूच होतं. मी सगळं सांगून टाकलं, काही ठेवलं नाही.

मागे वळले तर आई दारात. काळा चष्मा लावून, चौकटीला धरून उभ्या होत्या. कधीच्या उभ्या होत्या कुणास ठाऊक. नागपंचमीला मला रिक्षात घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं, आणि आत्माला कळवू नको म्हणून हात धरून त्यांनीच सांगितलं होतं. आता बोलणार, असं मला वाटलं. पण त्या भिंतीला हात लावत आल्या आणि फोनच्या टेबलापाशी खाली जमिनीवर बसल्या.

"तो खाली ठेव गो," त्या म्हणाल्या. "परत लावत असला, तर लागायचा नाय."