लांबीचं मतदान

या आठवड्यात तिसरीला लांबी शिकवायची होती. पुस्तकात त्यासाठी चार पानं आहेत. त्यांत एक पेन्सिल, एक दोरी आणि एका मुलीची वेणी आहे. चित्रातली वेणी मोजून कोणाला लांबी कळते, यावर माझा विश्वास नाही. म्हणून मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, एक फळी मागितली.

शाळेचं जुनं व्यासपीठ मोडल्यावर एकच धड फळी उरली होती. ती कोठीच्या खोलीत उभी होती. माझ्या वर्गात मागच्या कोपऱ्यात बाजूची भिंत आणि खांब यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. तिथे ती फळी बसवली, तर मुलांची गोष्टीची पुस्तकं खोक्यातून बाहेर आली असती. माप मुलांनी घ्यायचं आणि त्या मापाने शाळेच्या सुतारकाकांनी कापायची, असा माझा बेत होता.

"आणि चुकलं तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही चुकणार."

"फळी एकच आहे हं. वाया गेली तर पुढच्या वर्षीपासून मुकाट्याने वेणी मोजायची."

त्या हसत म्हणाल्या. पण हसत म्हटलेल्या गोष्टी त्या हमखास खऱ्या करतात.

सोमवारी आम्ही वितीने बाकं मोजली. मंगळवारी फूटपट्ट्या काढल्या, तर निम्मा वर्ग एकच्या रेघेपासून मोजत होता. मोजणं एकपासून सुरू होतं, हे दोन वर्षं आम्हीच त्यांच्या डोक्यात बसवलेलं. पट्टीवर सुरुवात शून्यापासून होते, हे पटवण्यात अख्खा तास गेला. बुधवारी टेप आली. टेप हवेत धरली की मध्ये झोळ पडतो आणि माप जास्त येतं, हे मी करून दाखवलं. म्हणून जमिनीवर टेकवा, ताणा, मग वाचा. मुलांनी ते चांगलं आत्मसात केलं.

गुरुवारी प्रत्यक्ष माप होतं. अठ्ठावीस मुलं, चौदा जोड्या. जोड्या एकेक करून मागे गेल्या, जमिनीवर बसल्या, टेप ताणली आणि आकडा चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे आल्या. बारा जोड्यांचं माप एकशे एकवीस सेंटिमीटरच्या आसपास होतं, एखादा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. मला मनातून फार बरं वाटलं. एका जोडीने नुसतंच एकवीस लिहिलं होतं.

"अरे, मीटर कुठे गेला?"

"तो आम्ही मोजला, बाई. लिहायचा राहिला."

शेवटची जोडी मुंगी आणि पोपट यांची. त्यांची पाळी आली तेव्हा मी आलेल्या चिठ्ठ्या वाचण्यात गुंग होते. मुंगी वर्गात सगळ्यांत बुटकी. हे नाव तिला मुलांनी दिलं आणि तिने ते वहीवर लिहून टाकलं, म्हणजे चिडवण्यात काही उरलं नाही. पोपट तिच्या बाकावर बसतो आणि दोघांच्या वाटचं एकटा बोलतो. त्यांच्या चिठ्ठीवर एकशे चोवीस होतं.

"शून्यापासून धरलं होतं ना?" मी विचारलं.

"हो बाई," मुंगी म्हणाली.

"झोळ पडला असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"तिचा हातच पुरला नसेल!"

वर्ग हसला. तेवढ्यात आमचा वर्गनायक उठून उभा राहिला. आदल्या आठवड्यात नागरिकशास्त्राच्या तासाला मतदान घेऊन त्याला निवडलं होतं, आणि तेव्हापासून त्याला सगळ्या गोष्टींवर मतदान हवं असायचं.

"बाई, मतदान घेऊ या का?"

घंटा व्हायला तीन मिनिटं होती. शिक्षिका होण्याआधी प्रयोगशाळेत पाच वर्षं काढलेली मी, "घ्या" म्हणाले.

एकशे एकवीसला भराभर हात वर गेले. मुंगीने वळून शेजारी पाहिलं. पोपटाचाही हात वर होता.

"अरे, तूच तर टेप धरली होतीस!"

"धरली होती. पण सगळे म्हणतायत ना."

"सगळ्यांनी कुठे धरली होती?"

"आता गप गं. हरलीस की."

सत्तावीस विरुद्ध एक. मी फळ्यावर आणि चिठ्ठीवर एकशे एकवीस लिहिलं आणि वर्गनायक ती घेऊन मैदानाच्या टोकाला, सुतारकाकांच्या पत्र्याच्या शेडकडे पळाला. घंटा झाली. डबे उघडले.

मी शिक्षकांच्या खोलीत शेवटचा घास घेत होते, तेव्हा दारात सुतारकाका येऊन उभे राहिले. कानावर पेन्सिल, केसांत भुसा.

"बाई, तुमची एक मुलगी माझ्या फळीवर बसलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे बसलीय. खूण केली, करवत लावणार, तर ही येऊन बरोबर खुणेवर बसली. ऊठ म्हटलं तर म्हणते, आधी बाईंना बोलवा. तीसेक वर्षं सुतारकी करतोय, पण माणसासकट लाकूड कापायला कोणी सांगितलं नव्हतं."

मी गेले. दोन लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवलेल्या फळीवर मुंगी पाय लोंबकळत बसली होती. दोन्ही हातांनी फळीची कड घट्ट धरलेली.

"खाली उतर बघू."

"नाही बाई."

ती रडत नव्हती. रडत असती तर मला सोपं गेलं असतं.

"अगं, बारा जोड्यांचं माप एकच आलंय. ते सगळे चुकले आणि तू एकटी बरोबर?"

"ते चुकले असं मी कुठे म्हणतेय? त्यांनी खालचं माप घेतलं. फळी कुठे खाली बसणारे?"

"मग तू कुठे मोजलंस?"

"फळी टेकायला काकांनी लाकडी पट्ट्या ठोकल्यात ना, तिथे. बाकावर उभं राहून. झोळ पडला नाही, बाई. मागच्या भिंतीला टेप दाबून धरली होती. आत्ता सुट्टी झाल्यावर परत मोजलं. दोनदा. एकशे चोवीसच येतंय."

"पण खाली काय आणि वर काय, भिंत तीच ना?"

"आई कपडे शिवते. ती म्हणते, जिथे बसणार तिथलं माप घ्यायचं. कमरेचं माप गुडघ्यावर घेतलं तर गिऱ्हाईक चड्डी डोक्यात घालेल."

सुतारकाका खो खो हसले आणि मग एकदम थांबले.

"बाई, त्या भिंतीला खालून ओल आली होती ना मागे? गवंड्याने भिंतीला आणि खांबालाही नवा गिलावा मारला होता. गुडघ्यापर्यंतच."

मला ते आठवलं. त्यावर रंगही एकच दिला होता, त्यामुळे कड दिसत नव्हती. दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर जाडी वाढली, तर खाली तीन सेंटिमीटर कमी भरणार. टेपला झोळ पडू नये म्हणून अख्ख्या वर्गाला जमिनीवर बसवलं होतं मीच. मुलांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. बारा जोड्यांचे आकडे जुळले, याचं मला जे बरं वाटलं होतं, ते आठवून कानाच्या पाळ्या तापल्या.

"एकशे एकवीसला कापली असती तर?" मी सुतारकाकांना विचारलं.

"तर काय? पट्टी भिंतीतून दोनच सेंटिमीटर बाहेर आहे. फळी तीन कमी. एका बाजूला टेकली की दुसरी बाजू खाली. मग मी काय फळी ओढून लांब करू?"

"आज कापू नका," मी म्हणाले. "उद्या."

"उद्या मला दुसरं काम आहे."

"मग आज शेवटच्या तासापर्यंत थांबा."

मुंगीने फळीची कड सोडली नव्हती. "नक्की ना, बाई?"

"नक्की."

तेव्हा ती उतरली.

सुट्टीनंतर मी फळ्यावरचं एकशे एकवीस पुसलं आणि वर्गाला सांगितलं की मतदान रद्द. एकच गलका झाला. वर्गनायकाला ते फारच लागलं.

"पण बाई, आम्ही जिंकलो होतो!"

"वर्गनायक मतांनी ठरतो. लांबी मतांनी ठरत नाही. हात वर करून तुम्ही उद्या मला सात फुटांची केलीत, तरी मी दारातून जाताना वाकणार नाही. चूक माझी आहे. मी मतदान घ्यायलाच नको होतं आणि जमिनीवर मोजायलाही सांगायला नको होतं. आता सगळे परत मोजणार. पट्ट्यांच्या वर."

भाषेचा तास त्यात गेला. बाकं ओढून नेली. एकेक जोडी चढली, टेप मागच्या भिंतीला दाबून धरली, वाचलं, उतरली. मोठ्या बाई दारात येऊन घड्याळ बघून गेल्या. मी थांबले नाही. आकडे आले: एकशे चोवीस, एकशे तेवीस आणि आठ मिलिमीटर, एकशे चोवीस, एकशे चोवीस आणि एक. या वेळी मीटर कोणीच विसरलं नाही. पोपटाने आकडा वाचला, मुंगीकडे न बघता तो लिहिला आणि मग हळूच म्हणाला, "मघाशीही एवढंच होतं."

"माहितेय मला," मुंगी म्हणाली.

सुतारकाका आले. त्यांनी आपल्या टेपने फळीच्या जागी एकदा पुढून, एकदा मागून मोजलं आणि सगळ्यांना घेऊन शेडमध्ये जाऊन फळीवर नवी रेघ मारली.

"हे एकशे तेवीस आणि सहा आहे," मुंगी टेप लावून म्हणाली. "एकशे चोवीस नाही."

"अगं बाई, फळी आत सरकायला जागा नको? तुझी आई अंगाला चिकटवून शिवते काय?"

यावर तिने टेपवर चार मिलिमीटर मोजून पाहिले. मग बाजूला झाली.

करवत चालली. सगळा वर्ग शेडभोवती उभा होता. तीन मुलांनी आणि सुतारकाकांनी फळी वर्गात आणली, तिरकी करून आत घातली आणि तळहाताने ठोकत खाली बसवली. दोन्ही टोकं पट्ट्यांवर टेकली. वर्गनायक सर्वांत मोठ्याने ओरडला.

मुंगी बाकावर चढली. खांबाच्या बाजूच्या फटीत तिने फूटपट्टीचं टोक घालून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही पाहिलं.

"इकडे एक मिलिमीटर आणि तिकडे तीन," ती म्हणाली.

"राहू दे गं आता!" सुतारकाका म्हणाले.

"बाई, लिहून ठेवू?"

"लिहून ठेव," मी म्हणाले.