पानभर नांगर

महिपतीनं ज्वारीतलं कोळपं थांबवलं ते बैलांची दया येऊन नव्हे. बांधावर मायाप्पा धनगर उभा राहून हातातली चिठ्ठी हलवत होता म्हणून. चिठ्ठी वैरागच्या इंग्रजी शाळेतून आली होती. वाचता दोघांनाही येत नव्हतं, तरी दोघांनी ती पाठपोट नीट बघून घेतली. मास्तरांनी देतानाच मजकूर तोंडी सांगितला होता, एवढं बरं.

"उद्या सकाळी तुमास्नी साळंत बोलावलंय," मायाप्पा म्हणाला. "जोतीरामाच्या मार्कांच्या पुस्तकावर दर म्हयन्याला तुमची निशानी हाय. मास्तरास्नी ती खोटी वाटती. खोटी निघाली तर पोराचं नाव काढनार म्हनं."

"म्या कवा दर म्हयन्याला निशानी केली?" महिपती म्हणाला. "मिरगात नाव घालताना येकदा नांगर काढला, तेवढाच."

"मंग पोरानं काढला असंल की," असं म्हणून मायाप्पा मेंढरांकडं निघून गेला. त्याचं काम झालं होतं.

ज्याला सही येत नाही त्यानं कागदावर आपल्या धंद्याची खूण काढायची, ही रीत. कुणब्यानं नांगर काढायचा. बाकीचे दोन रेघा आडव्या-उभ्या मारून मोकळे व्हायचे. महिपती मात्र कागदावरसुद्धा हयगय करत नसे. मुठीचं रुमणं, लांब दांड्याची हाळीस, लोखंडी फाळ, जू, सगळं जिथल्या तिथं. शाळेत नाव घालायच्या अर्जावर त्यानं असा नांगर धरला की फाळ थेट जन्मतारखेत घुसला आणि कारकुनाला पोराचं वय समासात लिहावं लागलं.

पोराला शिकवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते चावडीत. तलाठ्यानं दिलेला कागद त्यानं चार माणसांत उलटा धरला होता आणि सगळी चावडी खदखदली होती. तेव्हापासून त्याचा एकच हट्ट, जोतीरामानं कागद सुलटा धरायचा. गावची शाळा चौथीला संपली, तसं त्यानं पोराला दोन कोसांवर वैरागला ओळखीच्या रुद्राणीबाईच्या पडवीत ठेवलं आणि इंग्रजी पहिलीत घातलं. पोर शनिवारी दुपारी यायचं, सोमवारी पहाटे आठवड्याच्या भाकरी बांधून जायचं.

तेव्हाच शेजारच्या येडूनं त्याला सावध केलं होतं. येडूचा भाचा बार्शीला शिकलेला, म्हणून गावात या विषयातला जाणता तोच.

"पैल्या म्हयन्याला पोरगं भांग पाडतंय," येडूनं सांगितलं होतं. "दुसऱ्या म्हयन्याला कालवण तिखट लागतंय. तिसऱ्या म्हयन्याला त्येला बाची लाज वाटाया लागती. आमच्या भाच्याचं आसंच झालं. मामा म्हनून हाक मारायचा न्हाय, निस्तं खाकरायचा."

महिपती तेव्हा हसला होता. पण श्रावणात पोरानं भांग पाडला आणि भादव्यात आमटीत पाणी घालून घेतलं. आता तर पोर घरी आलं की पुस्तकात तोंड खुपसून बसायचं. दसऱ्याच्या आधी पाखऱ्या बैलाचं डावं शिंग लिंबाच्या बुंध्याला धडकून मोडलं, सगळं गाव बघून गेलं, पण जोतीरामानं एका शब्दानं विचारलं नव्हतं. हे महिपतीला फार लागलं होतं. बोलून काय दाखवायचं म्हणून तो गप्प होता.

घरी चिठ्ठीची गोष्ट निघाली तशी त्याच्या बायकोनं, रंभाबाईनं, तवा आपटला.

"खोटी निशानी करायला शिकलं का कार्टं? आनि तुमी काय सांगनार तितं जाऊन?"

"जे हाय ते. निशानी म्हंजे सबूद आसतो. आपल्या सात पिढ्यात कुनी खोटा नांगर काढला न्हाय."

"तुमच्या सात पिढ्या काय दाव्याला बांधून ठिवायच्यात? खरं बोललासा तर पोर उद्या ढोरामागं. मंग बसा चावडीत कागद उलटा धरून."

महिपतीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेत यज्ञेश्वर मास्तरांनी टेबलावर आधी मिरगातला अर्ज ठेवला आणि शेजारी प्रगतिपुस्तक. जोतीराम भिंतीला टेकून उभा होता. त्याचा भांग विस्कटला होता आणि पायाचा अंगठा फरशी उकरत होता.

"नीट बघून सांगा," मास्तर म्हणाले. "अर्जावरचा हा नांगर तुमचा, मला माहीत आहे. पुस्तकातले हे तीन कुणाचे?"

महिपतीनं बघितलं. तीन महिन्यांचे तीन नांगर, प्रत्येक मुंगळ्याएवढा, चौकटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. लहान असल्याचं त्याला काही वाटलं नाही. पण श्रावणातल्या नांगराला रुमणंच नव्हतं. भादव्यातल्याला फाळ नव्हता. अश्विनातल्याची हाळीस मधेच संपली होती. कुणब्याच्या घरात जन्मून हे? पोटच्या पोरानं खोटी निशाणी केली याच्यापेक्षा नांगर असला काढला याचाच त्याला जास्त संताप आला. त्यानं मान वर केली ती खरं सांगून टाकायला. पोर त्याच्याकडंच बघत होतं. हे पोर बैलामागं गेलं तर जन्मभर असाच मोडका नांगर धरणार, असं त्याच्या मनात आलं.

"माझंच हायती," महिपती म्हणाला.

"मग अर्जावर सबंध नांगर आणि इथं मोडके, असं कसं?"

"श्रावनात रुमनं मोडलं हुतं, मास्तर."

मास्तरांनी चष्मा काढला. "आणि भादव्यात?"

"भादव्यात फाळ लव्हाराकडं हुता. हाळशीला तर वाळवीच लागली. अश्विनात अर्दी खाल्ली."

"अहो, निशाणी काय नांगराची तब्येत बघून काढायची असते?"

"जो नांगर घरात न्हाय तो कागदावर कसा काढू? खोटं हुईल की."

मास्तरांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. त्यांची मिशी हलत होती, ती रागानं की कशानं ते महिपतीला कळलं नाही. मग त्यांनी पुस्तक मिटलं. "ठीक आहे. पुढल्या महिन्यापासून धड नांगर पाहिजे. आणि घरी, स्वतःच्या हातानं. जा."

बाहेर चिंचेखाली महिपतीनं पोराचा कान धरला.

"नापास झालास म्हनून पुस्तक लपवलंस व्हय रं?"

"न्हाय आबा. गणितात दुसरा हाय."

"मंग घरी दावलं का न्हाईस?"

"समद्या पोरांच्या बाची सही आसती, बारकी. तुमी पानभर नांगर काढता. अर्जावरचा बघून पोरं हसली हुती."

महिपतीच्या हातातून कान सुटला. येडूचा तिसरा महिना बरोबर आला होता. खाकरण्यापेक्षा हे बरं का वाईट, ते त्याला ठरवता येईना.

"मंग नांगर तरी कशाला काढलास?" त्यानं विचारलं. "तुला लिवाया येतंय. माझं नाव लिवायचं हुतंस."

"ती खोटी सही झाली आसती," जोतीराम म्हणाला. "नांगर आपलाच हाय की. म्या निस्ता बारका काढला."

महिपतीनं धोतराच्या सोग्यातला गुळाचा खडा काढून पोराच्या हातावर ठेवली आणि पाठीमागं न बघता गावची वाट धरली.

पुढच्या महिन्यात पुस्तक घरी आलं. रविवारी सकाळी महिपती ओट्यावर बसला, दौत-टाक घेतला आणि श्वास रोखून ज्वारीच्या दाण्याएवढा नांगर काढला. रुमण्यासकट, फाळासकट. रंभाबाईला तो आधी शाईचा ठिपकाच वाटला. पण चौकट होती केवढी, आणि एवढी जागा पडीक टाकायची म्हणजे महिपतीच्या जिवावर आलं. म्हणून त्यानं नांगरापुढं दोन बैल काढले. ते मात्र चांगले धष्टपुष्ट झाले आणि 'वर्गशिक्षकांचा शेरा' या रकान्यात जाऊन उभे राहिले.

जोतीराम मागनं बघत होता. महिपतीला वाटलं, आता हे रडणार.

"आबा, शिंगं ऱ्हायली," जोतीराम म्हणाला.

"मंग तू काढ."

पोरानं टाक घेतला. ढवळ्याला दोन शिंगं काढली. पाखऱ्याला उजवं काढलं आणि डावीकडं एक आखूड खुंट काढून टाक ठेवून दिला.

"तुला कवा दिसलं?" महिपतीनं विचारलं.

"मोडलं त्याच शनवारी. तुमी रानात हुता. म्याच हळद भरली की त्यात."

शाई वाळेपर्यंत महिपती पुस्तक दोन्ही हातांत धरून बसला. या वेळी त्यानं ते सुलटं धरलं होतं, कारण बैलांचे पाय खाली होते.