जयंतीताईंची उमेदवारी

"आधी तो हार काढ," जयंतीताई म्हणाल्या.

सुयोग घाईने खुर्चीवर चढला. घाटकोपरच्या त्या हॉलमध्ये पक्षाच्या जुन्या आमदारांचे फोटो ओळीने लावले होते. बाकीचे सगळे गेलेले. जयंतीताई तेवढ्या समोर उभ्या होत्या. चंदनाचा हार मात्र त्यांच्याही फोटोला घातलेला.

"सॉरी ताई. ऑफिसातून फोटो आले, मी विचारलंच नाही कुणाला. वाट लागणार आता माझी."

"मी नाही सांगत कुणाला. पालिकेच्या तिकिटाच्या मुलाखती कुठे चालल्यात रे?"

"वरच्या मजल्यावर. कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

सुयोग खुर्चीवरून उतरला. "ताई, आपल्या वॉर्डातून मीपण मागितलंय."

"मग चल ना बरोबर."

जयंतीताई एकदाच निवडून आल्या होत्या. पुढच्या वेळी तिकीट दुसऱ्याला गेलं, तेव्हा त्या मुकाट्याने शाळेत परतल्या आणि निवृत्त होईपर्यंत गणित शिकवत राहिल्या. टेकडीवरच्या वस्तीत जाणं मात्र त्यांनी कधी सोडलं नाही.

मुलाखत घेणारे देवदत्त त्यांच्याहून पुष्कळ लहान होते. त्यांनी उठून नमस्कार केला. "ताई, तुम्ही आता आम्हाला मार्गदर्शन करायचं."

"तेच करतेय. टेकडीवर दवाखाना नाही. बाळंतिणीला खुर्चीत बसवून खाली आणावं लागतं. माझ्या हातून ते राहिलं. आता करायचंय."

"पण या वयात प्रचार झेपेल?"

"टेकडी मी आजही चढते. तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

देवदत्तांनी यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

तिकीट सुयोगला मिळालं. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला आणि दारातच घुटमळला. बातमी त्यांना आधीच कळली होती. रात्री जेवायची त्यांना इच्छा नव्हती, पण पेढा त्यांनी खाल्ला.

"दवाखान्याचं बघशील?"

"बघेन, ताई."

"बघेन नको. करशील?"

"करीन."

"मग सकाळी लवकर ये. उन्हाच्या आत चढू."

सकाळी टेकडीवरचं पहिलं दार शीतलने उघडलं. तिचा चेहरा खुलला. "ताई, तुम्हीच उभ्या ना या वेळी?"

जयंतीताई एक पायरी खाली उतरल्या आणि सुयोगला पुढे केलं.

"नाही गं. हा उभा आहे. याला आत घे, आणि आजारी सासूबाईंना रात्री खाली कसं नेलंत, ते सगळं सांग."

सुयोग चपला काढून आत गेला. जयंतीताई बाहेर पायरीवर टेकल्या. पदराने मान पुसली आणि वर पाहिलं. अजून बरीच घरं बाकी होती.