ट्राममधली झोपायची खोली

नायोने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली आणि विचारलं, "आंटी, यात झोपायची खोली कुठेय?"

म्हातारी मोराग हसली. "अगं पोरी, ही सगळीच झोपायची खोली."

डनेडिन शहरातल्या ट्राम बंद झाल्या, तेव्हा मोरागच्या वडिलांनी एक डबा विकत घेतला आणि ट्रकवर घालून या खाडीकाठी आणला. खाली जाड ओंडके घातले, एका बाजूला चूल मांडली आणि झालं सुट्टीचं घर. न्यूझीलंडच्या या दक्षिण टोकाला अशा घराला क्रिब म्हणतात. ईस्टरला मावश्या, मामा आणि त्यांची पोरं इथेच असायची. बाकांच्या पाठी उलट फिरवल्या की बाक समोरासमोर यायचे, त्यांवर गाद्या पडायच्या. रांगेतल्या एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. सकाळी चीज रोल भाजल्याचा वास आल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

आता काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, नवा नियम आला होता. पाहुण्यांना भाड्याने घर द्यायचं तर परवानगी हवी, आणि एका खोलीत दोनच माणसं. खोली म्हणजे दार आणि उघडणारी खिडकी. ते तपासायचं काम नायोचं.

"म्हणजे माझ्याकडे खोल्या शून्य," मोराग म्हणाली.

"असंच दिसतंय. शून्य मी आजवर कुणाला लिहिलं नाही."

मोरागच्या पेन्शनमधून वाढलेली घरपट्टी भरणं आता जमत नव्हतं. क्रिब भाड्याने गेली तरच राहणार होती. नाहीतर शेजारचा जमीनवाला टपलेलाच होता. 'जागा द्या, डबा आम्ही फुकट हलवून टाकू,' असं तो मोठा उपकार केल्यासारखा म्हणाला होता.

"अगं, आम्ही ढीगभर माणसं झोपलोय इथे. कुणाला काही झालं नाही."

"ती घरची माणसं, आंटी. त्यांना मोजायला मी येत नाही. पण नवखा माणूस धुरात जागा झाला, तर त्याला बाहेरची वाट सापडेल का, एवढं मला बघावंच लागतं."

तरी नायो लगेच निघाली नाही. ती डब्याच्या टोकाला गेली, बादल्या आणि गळ बाजूला सारून आत डोकावली. "आणि हे काय?"

"ती ड्रायव्हरची केबिन. ट्राम वळत नाही ना, ड्रायव्हरच या टोकाचा त्या टोकाला जातो. म्हणून दोन्हीकडे आहे."

"खिडकी उघडते?"

मोरागने कातडी पट्टा ओढून सोडला. काच खडखडत खाली गेली आणि समुद्राचा खारा वास आत आला.

"दार होतं?"

"होतं की. आमचा वॉलेस आतून कडी लावून ट्राम चालवत बसायचा, जेवायला यायचा नाही. बाबांनी वैतागून दोन्ही दारं उतरवली."

नायो पुन्हा मोजपट्टी काढत म्हणाली, "भावाला फोन लावा."

वॉलेस डोंगरापलीकडे राहतो. त्याने फोन उचलला.

"वॉलेस, ट्रामची दारं कुठेत रे?"

"एक कोंबड्यांच्या खुराड्याला. दुसऱ्यावर मी मासे साफ करतो. का, वरून बाबा विचारतायत?"

"काउन्सिल विचारतेय."

"मग बाबा परवडले."

शनिवारी तो दारं घेऊन आला. मोरागने ती गरम पाण्याने घासली, तरी माशांचा वास पुरता जाईना. वॉलेस बिजागऱ्या बसवत पुटपुटला, "दार काढलं तेव्हा दोन दिवस रडलो होतो मी. आता म्हातारपणी परत मिळतंय, तेही भाडेकऱ्यांसाठी."

"रड नंतर. आधी स्क्रू धर."

दोन्ही टोकांना दोन-दोन बिछाने बसले. नायोने दारं उघडून-लावून पाहिली आणि परवानगी दिली. दारापाशी पाटी लागली: चार माणसं.

वॉलेसने ती वाचली. "चार! आपल्या वेळी एवढे जण नुसते उशीसाठी भांडत असायचे."

मोराग हसली नाही. ती मधल्या लांबलचक मोकळ्या जागेकडे बघत होती. मग तिने ती झाडून काढली आणि तिथे एक टेबल आणून ठेवलं. टेबल चांगलं होतं, पण ते तिथे शोभेना.

नियमात आणखी एक अट होती. जवळपास राहणाऱ्या कुणीतरी पाहुण्यांचा फोन घ्यायला हवा. ते काम चढावरच्या आपल्या घरातून मोरागच करणार होती. पहिलं कुटुंब आलं, आईबाप आणि दोन मुलं. संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा काय बिघडलं या धास्तीनेच तिने तो उचलला.

"त्रास देतेय, माफ करा," मुलांची आई म्हणाली. "मुलं त्या खोल्यांत झोपायला तयार नाहीत. टेबल सरकवून गाद्या मधे ओढल्यात. आता आम्हालाही तिथेच बोलावतायत. नियमात बसतं ना?"

मोराग खुर्चीत टेकली.

"नियमात माणसं मोजलीत, गाद्या नाहीत," ती म्हणाली. "टेबल पार कोपऱ्यात ढकला, वाट मोकळी ठेवा, दारं उघडी राहू द्या. आणि सगळ्यांनी डोकी एकाच बाजूला करा. नाहीतर कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर पाय येतो."